हिरवी खूण पडल्यावर

वृषाली तामगाडगे नोकरी करते हैदराबादच्या कंपनीत आणि राहते आदिलाबादला. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल आहे, मधल्या खोलीत तिच्या वडलांचा पलंग. चंपतगुरुजींना लकवा झाला त्यात त्यांचा उजवा हात आणि पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं. काही लागलं की ते डाव्या हातातली काठी भिंतीवर ठोकतात. मीटिंग चालू असताना काठी वाजली, की वृषाली आपला आवाज बंद करते आणि उठते.

गुरुजींचे वडील बेल्याला एका पाटलाकडे सालगडी होते. गुरुजी शिकले, मराठी शाळेत मास्तर झाले, बुद्धविहारात पोरांच्या शिकवण्या घेत राहिले. दहावीनंतर थेट इंजिनीअरिंगला घेणाऱ्या बासरच्या विद्यापीठात वृषालीला गुणांवर जागा मिळाली, तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीला बुंदी वाटली होती. बासरहून ती हैदराबादला गेली. तिथली वर्षं तिला अजून स्वप्नात येतात. मोठं काही नाही त्यात. आपण कोडच्या एखाद्या ओळीशी अडून बसलेलो असतो, आणि शेजारचं माणूस आपली खुर्ची सरकवत येतं नि म्हणतं, "दाखव बरं." एवढंच.

मग महामारी आली, सगळे घरी गेले. त्याच वर्षी गुरुजी लकव्यानं पडले. पुढे सगळे ऑफिसला परतले, वृषाली परतली नाही. भाऊ प्रितम मंचेरियालला कारकून, त्याचा संसार तिथं. आई ताराबाई एकटीनं गुरुजींना उचलू शकत नव्हती. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली आणि तिला दुसऱ्या टीममध्ये टाकलं. या टीममधलं एकही माणूस तिनं प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. पडद्यावरच्या छोट्या चौकोनातले चेहरे, तेवढीच ओळख.

टीमचं काम दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करण्याचं. कोणत्या पेशंटची कोणती तपासणी झाली, काय निघालं, हे सगळं डेटाबेसमध्ये. त्यात काही बदल करायचा, म्हणजे समजा पेशंटच्या माहितीत नवा रकाना घालायचा, तर तो बदल करणारा कोड हातानं लिहावा लागत नाही. एक टूल तो आपोआप लिहून देतं. कोड बरोबर असतो, पण दिसायला परक्या घरच्यासारखा. टीमनं ठरवलेले नियम असतात: अवतरणचिन्हं अशी, ओळ एवढीच लांब, नावं या पद्धतीनं. टूलला यातलं काहीच ठाऊक नसतं. ते आपल्याच ढंगात लिहितं. मग सर्व्हरवरची तपासणी लाल फुली मारते, आणि ज्यानं कोड पाठवला त्यानं तो हातानं सारखा करत बसायचं.

वृषालीनं या टीममध्ये पहिल्यांदा अशी फाइल पाठवली तेव्हा सगळ्या फुल्या घालवल्या, पण टूलनं दिलेलं एक लांबलचक, अर्थ न लागणारं नाव तसंच राहू दिलं. तेवढं तपासणीलाही कळत नव्हतं. थोड्या वेळानं त्या ओळीखाली कमेंट आली. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द आणि प्रश्नचिन्ह: "kaun?"

टीममधल्या एका तेलुगू मुलाला वाटलं, हा हिंदीतला 'कौन' आहे. कुणी लिहिलं, असं विचारताहेत. त्यानं खाली तत्परतेनं उत्तर दिलं, की ही ओळ टूलनं लिहिली आहे.

वृषाली मात्र पडद्याकडे बघतच राहिली. तिला तो घरच्या बोलीतला 'काऊन' दिसला, म्हणजे 'का?' मग एकटीच हसायला लागली.

ताराबाई दारात येऊन उभी राहिली. "काय व, कोनाशी हासून राह्यली?"

"माय, कोनीतरी मले 'काऊन' इचारलं."

"मंग त्यात हासासारखं काय हाय?"

आता आईला काय सांगणार? कमेंट लिहिणाऱ्या होत्या पद्मिनीताई, टीममधल्या सगळ्यांत जुन्या; बाकीच्यांचा कोड वाचून त्याच मान्यता द्यायच्या. राहायच्या बंगळूरला, त्याही घरूनच काम करायच्या. वृषालीनं खाली इंग्रजीत लिहिलं, चूक दुरुस्त करते. आणि शेवटी इंग्रजीच अक्षरांत भर घातली: "चुकलंच, मॅडम. तुमी कुठच्या?"

पाच मिनिटांत फोन आला.

"टाइप करत बसत नाही, ऐक," पलीकडून खणखणीत आवाज. "मी आदिलाबादची. माझे वडील अनंतराव तहसीलमध्ये पेशकार होते. लग्न होईपर्यंत मी तिथंच. 'काऊन' कळणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं, सहज लिहून टाकलं. तू कुठली?"

"मी पन आदिलाबादचीच. म्हणजे बेल्याची, आता इथं राहातो आमी."

"आत्ता? आत्ता आदिलाबादला बसून काम करते आहेस?" पद्मिनीताईंनी विचारलं. "बाहेर थंडी आहे का?"

"हाव. हात गारठून जाते."

"आणि ते मॅडम सोड. ताई म्हण."

मग त्या नावाकडे वळल्या. टूलनं दिलेलं नाव बदलून काय ठेवायचं, का ठेवायचं, हे सांगितलं. वृषालीनं विचारलं, कोड तर चालतोच, मग एवढं कशाला? ताई म्हणाल्या, "टूलला वाचायचं नसतं ग. वाचायचं आपल्याला असतं. उद्या एखाद्या दवाखान्यात रिपोर्ट दिसेनासा होईल, तेव्हा कुणीतरी घाबरलेलं माणूस ही फाइल उघडून बसेल. त्याला वाचता आलं पाहिजे."

हे असं मग नेहमीचं झालं. वृषाली फाइल पाठवायची, कुठं तरी काही राहून जायचं, ताई कमेंट टाकायच्या आणि फोन करायच्या. आधी कोडचं बोलणं, मग आदिलाबादचं. बसस्टँडपाशी गोंड बाया सीताफळं घेऊन बसतात का अजून? हिवाळ्यात सकाळी लोक रस्त्यावर पाला पेटवून शेकतात का? वृषालीला जे माहीत नसायचं ते ती संध्याकाळी जाऊन बघून यायची. स्वतःच्याच गावाकडे ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागली होती.

ताराबाईला हे सगळं पटत नव्हतं. "पेशकाराची पोरगी हाय म्हनते. आपल्या आडनावावरून समजलं असंन त्याईले."

"समजलं असंन."

"तरी बोलते?"

"बोलते ना माय. रोज बोलते."

ताराबाईनं तांदूळ निवडत मान हलवली. ताराबाईच्या आईला असल्या घरांत अंगणाच्या पुढे कधी पाऊल टाकता आलं नव्हतं. ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण वृषालीला ठाऊक होतं. म्हणून ती स्वतःहून कधी ताईंना फोन करायची नाही. कामाचं निमित्त असलं तर गोष्ट वेगळी. कामाशिवाय फोन करायचा तर काय म्हणून करायचा?

पुढे टीम वाढली. टूलनं लिहिलेल्या फायली रोज यायला लागल्या, लाल फुल्याही तेवढ्याच. टीमचा प्रमुख भार्गव मीटिंगमध्ये वैतागून म्हणाला, "अर्धा दिवस आपण अवतरणचिन्हं बदलण्यात घालवतो. या फायली तपासणीतून काढूनच टाकू या. मशीननं लिहिलंय, मशीन बघून घेईल."

"काढायच्या नाहीत," पद्मिनीताई म्हणाल्या. "टूललाच आपले नियम शिकवू. वृषाली करेल ते."

चौकोनात वृषालीचा चेहरा एकदम उजळला. आवाज बंद होता, नाहीतर तेवढ्यात वाजलेली गुरुजींची काठीही सगळ्यांना ऐकू गेली असती.

काम सोपं नव्हतं. टूल ज्या साच्यातून फाइल लिहितं तो साचा तिनं आधी बदलला. नावं कशी पाडायची याची पद्धत टूलमध्ये एकाच जागी लिहून ठेवली, म्हणजे ते आपल्या मनानं नावं ठेवणार नाही. आणि फाइल लिहून झाल्याबरोबर तिच्यावर आपोआप फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी नियमांप्रमाणे सारखी करणारा प्रोग्राम, फिरेल अशी व्यवस्था केली. तरी तिच्या लॅपटॉपवर सगळं ठीक आणि सर्व्हरवर लाल फुली, असं होत राहिलं. दोघींनी फोन चालू ठेवून, एकच पडदा दोन्हीकडे उघडून शोध घेतला. कधी ताई नुसत्या 'हं' म्हणायच्या, कधी वृषाली काही टाइप करायला घ्यायची आणि त्या म्हणायच्या, "थांब, मागे जा, ती वरची ओळ." शेवटी सापडलं. तिच्याकडचा फॉरमॅटर नवा होता आणि सर्व्हरवरचा जुना. दोघांचं एका स्वल्पविरामावरून पटत नव्हतं. दोन्ही सारखे केले आणि फुली गेली.

त्या दिवसांत ताराबाई चहा ठेवून जायची तो तसाच गार व्हायचा. शेजारी कुणी बसलेलं नव्हतं, पण वृषालीला ते दिवस तसेच आठवतात, कुणीतरी शेजारी बसल्यासारखे.

उत्साहाच्या भरात तिनं जुन्या सगळ्या फायलीही नव्या नियमांत बसवून टाकल्या. ताईंनी ते बघितलं आणि तातडीनं फोन केला. "त्यांना हात लावू नको. त्या चालून गेल्या, दवाखान्यांत त्यांचं काम होऊन गेलं. आता त्या बदलून काय साधणार? एखादी चूक मात्र घुसेल. जे झालं ते जसं झालं तसं राहू दे. नियम पुढच्यांसाठी."

वृषालीनं जुन्या फायली होत्या तशा परत ठेवल्या.

काम पुरं झालं त्या मीटिंगमध्ये भार्गवनं नवा रकाना घालून दाखवला. टूलनं फाइल लिहिली. पाठवली, आणि लगेच हिरवी खूण. सगळ्या चौकोनांतून टाळ्या वाजल्या. गुरुजींनी पलीकडून विचारलं, "काय झालं व?" तिनं ओरडून सांगितलं, "बाबा, माह्यासाठी टाळ्या वाजवून राह्यले!" गुरुजींनी काठी भिंतीवर तीन-चारदा वाजवली. त्यांच्या त्याच टाळ्या.

त्यानंतर वृषालीनं पुढची फाइल पाठवली. हिरवी खूण. त्याच्या पुढची पाठवली. हिरवी खूण, आणि पद्मिनीताईंची मान्यता, एका शब्दात. कमेंट नाही. फोन नाही. सुरुवातीला तिला वाटलं, ताई कामात असतील. आठवडा गेला, दुसरा गेला. मग तिच्या लक्षात आलं, की ताईंकडे म्हणायला काही उरलेलंच नाही. ज्या ओळींवर त्या दोघींची गाठ पडायची, त्या ओळी आता चुकतच नव्हत्या. आणि ते तिनं स्वतःच्या हातांनी केलं होतं.

संध्याकाळी ती बसस्टँडकडे जाऊन यायची. सीताफळांचा हंगाम संपत आला होता. टोपलीत बारकी, काळवंडलेली फळं उरली होती. हे कुणाला सांगावं असं वाटायचं. फोन हातात घ्यायची आणि परत खिशात टाकायची.

एक दिवस तिनं वेडेपणा केला. टूलनं लिहिलेल्या फाइलमध्ये तिनं मुद्दाम अवतरणचिन्हं चुकीची केली, एक ओळ भलतीच लांब केली, आणि पाठवली. तिनंच बसवलेल्या व्यवस्थेनं फाइल पुढे जाण्याआधी गुपचूप सारखी करून टाकली. हिरवी खूण. वृषालीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

मग तिनं मशीनला न कळणारी चूक केली. पेशंटच्या रक्ततपासणीच्या निकालांच्या तक्त्याला नाव दिलं नुसतं 'सामान'. इंग्रजी अक्षरांत, नियमाप्रमाणे, सगळं जागच्या जागी. हिरवी खूण पडली. आणि अर्ध्या तासात फोन वाजला.

"पेशंटच्या रक्ताच्या रिपोर्टला कुणी सामान म्हणतं का ग?" ताई म्हणाल्या. वृषाली खुदकन हसली. मग ताईंचा आवाज खाली आला. "मुद्दाम केलंस?"

"हाव, ताई."

"वेडी आहेस. नुसता फोन करायचा."

"कामाशिवाय कसा करू? तुमाले आवडंन का नाही, मले काय माहीत?"

"मलाही तेच वाटायचं," ताई म्हणाल्या. "म्हटलं, पोरगी कामाची आहे, वडलांचं करते, हिला कशाला आपल्या आठवणी ऐकवत बसायचं?"

त्या दिवशी दोघी खूप वेळ बोलल्या. त्यातच ताईंनी सांगितलं, की नोकरी आता सोडायची आहे. मुलगी देवश्री कॅनडात असते, ती न्यायला आली आहे. बंगळूरचं घर आवरायला काढलं आहे. "जायच्या आधी नातवाला बासरला आणतो आहोत, अक्षराभ्यासाला. सरस्वतीपुढे पाटीवर पहिलं अक्षर काढायचं. माझंही तिथंच झालं होतं. तू येशील?"

प्रितमला बोलावून त्याला दिवसभर बाबांजवळ बसवलं आणि वृषाली सकाळच्या बसनं निघाली. निर्मलला बस बदलली, भैंशाला पुन्हा बदलली. कापसाचे दिवस होते. जिनिंगच्या फाटकांबाहेर भरलेल्या गाड्यांची रांग होती, रस्त्याकडेच्या झुडपांना पांढरा कापूस चिकटला होता. तिनं खिडकीतून फोटो काढला, ताईंना दाखवायला. पिशवीत लॅपटॉप होता. तो कशाला घेतला हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

देवळाबाहेर ताईंनीच तिला ओळखलं. पडद्यावर वाटायच्या त्याहून त्या बुटक्या होत्या, केस आखूड आणि पांढरे. "अगं, किती उंच आहेस तू!" म्हणून त्यांनी तिचा हात धरला तो धरूनच ठेवला. देवश्रीनं नमस्कार केला. तिचा मुलगा पाटी डोक्यावर घेऊन गोल फिरत होता.

"आत येतेस?" ताईंनी विचारलं.

"नाही ताई, मी घाटावर थांबते. तुमी जाऊन या."

ताईंनी तिच्याकडे बघितलं, मान डोलावली, जास्त विचारलं नाही.

गोदावरीला पाणी बेताचंच होतं. वृषाली पायऱ्यांवर बसली. विद्यापीठात असताना रविवारी मैत्रिणींबरोबर ती इथं यायची. बऱ्याच वेळानं ताई एकट्याच आल्या आणि शेजारी टेकल्या. फोनवर तासभर बोलणाऱ्या बाया, इथं पाण्याकडे बघत बसल्या.

"झालं का पोराचं?" वृषालीनं शेवटी विचारलं.

"झालं. अक्षर कमी काढलं, रडला जास्त."

मग वृषाली एकदम म्हणाली, "ताई, मले एक डाव तुमच्या शेजारी बसून काम करायचं होतं."

"लॅपटॉप आणलास की काय?"

तिनं पिशवी उघडून दाखवली. ताई मोठ्यानं हसल्या. "काढ मग."

उन्हात पडद्यावर काही दिसेना. ताईंनी पदर सोडवला आणि दोघींच्या डोक्यावरून लॅपटॉपवर ओढला. त्या सावलीत परवाची एक फाइल दिसायला लागली. ताईंनी चष्मा वर केला, बोट ओळीवरून हळूहळू खाली नेलं. वृषाली त्यांच्या बोटाकडे बघत राहिली. ताईंच्या पदराला कापराचा वास होता. वरच्या पायरीवरून जाणारे लोक थबकून बघत होते, पदराखाली दोन बाया काय करताहेत म्हणून.

"छान आहे," ताई शेवटी म्हणाल्या. "मला सांगायला इथं काही नाही."

"काहीतरी सांगा ना."

ताईंनी पुन्हा वरपासून वाचायला घेतलं. अर्ध्यावर आल्या असतील, तेवढ्यात देवश्रीची हाक आली. गाडीला उजेडी हैदराबाद गाठायचं होतं. ताईंनी पदर काढून घेतला, तिच्या गालावर हात ठेवला. "आदिलाबाद बघून जायचं मनात होतं," त्या म्हणाल्या. "इतक्या जवळ आले. पण गाडी त्यांची, वेळ त्यांचा." कापसाच्या गाड्यांचा फोटो वृषालीनं त्यांना गाडीच्या उघड्या खिडकीतून दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बघितला, आणि गाडी निघाली.

घरी ताराबाईनं विचारलं, "काय बोलले मंग?"

"जास्त काही नाही, माय. शेजारी बसलो."

महिनाअखेर पद्मिनीताईंनी नोकरी सोडली. त्यांच्या जुन्या कमेंटी अजून आहेत, पण नावापुढचा फोटो जाऊन तिथं करड्या रंगाचं वर्तुळ आलं आहे. नियम सांभाळायचं काम भार्गवनं वृषालीकडे दिलं. फॉरमॅटरची नवी आवृत्ती आली की ती दोन्हीकडे एकदमच बदलते.

एकदा जेवताना गुरुजी म्हणाले, "तू हैदराबादले जाऊन बसत जा अधूनमधून. मी काय पळून जातो काय?" प्रितमशी बोलणं झालं. आता महिन्यातून एकदा तो येतो आणि ती दोन दिवस ऑफिसला जाऊन बसते. लोक चांगले आहेत. चौकोनातले चेहरे आता पुऱ्या अंगाचे झाले. पण सगळे कानांना हेडफोन लावून बसतात. काही विचारायचं असलं तर शेजारचाही लिहूनच विचारतो.

परतीच्या बसमध्ये तिला ताईंना फोन करावासा वाटतो. आता निमित्त लागत नाही, तसं ठरलंच आहे दोघींचं. पण तिथं कॅनडात अजून उजाडलेलं नसतं. थोडं थांबू, निर्मल येईल तोवर त्या उठतील, असं म्हणत ती फोन मांडीवर ठेवते. निर्मल येतं, तरी आणखी थोडं थांबू, असं होतं. मग बस घाट चढायला लागते, दोन्ही बाजूंनी सागाचं रान येतं, आणि रेंज जाते.